‘आत आहे’ म्हणजे नक्की काय? कोठडी, साधी कैद, सक्तमजुरी, जन्मठेप यांबद्दल

मलप्रभाकाठ (खानापूर) | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. घरातला विषय आहे, म्हणून नावं-गावं लिहीत नाही.

माझा चुलतभाऊ बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या जेलात आहे. बांधावरनं भांडण झालं, हाणामारी झाली, दोन्हीकडची माणसं दवाखान्यात गेली आणि तक्रारीत पहिलं नाव याचं आलं. जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला. काकूकडे कोर्टाचा एक कन्नड कागद आहे. त्यावर ‘न्यायांग बंधन’ असं लिहिलंय. गल्लीतल्या एकानं तिला सांगितलं, बंधन म्हणजे शिक्षा लागली. त्या दिवसापासनं तिचं जेवणावर लक्ष नाही. देवाजवळ तो कागद ठेवलाय आणि त्याच्याकडे बघत बसते.

शिक्षा लागलेली नाही, एवढं मला कळतं. खरं पुढं तिनं विचारलं, ‘मग आत का ठेवलाय? काम करून घेतात काय? हे दिवस मोजतात काय?’ आणि मला एकाचंही उत्तर नीट देता आलं नाही. साधी कैद, सक्तमजुरी, कोठडी, स्थानबद्धता हे सगळे शब्द पेपरात रोज वाचतो. फरक कुणीतरी समजावून सांगा.

चिकोडीची वकील | रविवार, रात्री ११.१५

दादा, आधी काकूंना उद्या सकाळी उठल्या उठल्या एवढं सांगा: ‘न्यायांग बंधन’ म्हणजे न्यायालयीन कोठडी. कोर्टानं त्यांच्या मुलाला दोषी ठरवलेलं नाही. तो कच्चा कैदी आहे. कन्नड कागदात ‘विचारणाधीन कैदी’ असंही येतं. म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा आहे असा माणूस. शिक्षेच्या कागदावर ‘सजे’ किंवा ‘शिक्षे’ हे शब्द असतात. सजे म्हणजे आपली सजाच, दोन्ही भाषांत फारसीतून आलेली. तो शब्द कागदावर नसेल तर शिक्षा नाही.

आणि देशभरात हीच माणसं जास्त आहेत. २०२२ अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे होते. चारातले तीन. भिंत एकच असते, जेवण एकच असतं, म्हणून बाहेरच्याला वाटतं सगळे गुन्हेगारच. कायद्याच्या नजरेत मात्र त्या एका भिंतीआड चार-पाच वेगवेगळ्या अवस्थांतली माणसं असतात, आणि प्रत्येकाची सुटायची वाट वेगळी असते. म्हणून ‘माणूस आत आहे’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाखाली आत आहे?

पोलीस कोठडी वेगळी. तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात द्यायचं ते एकूण १५ दिवसांपुरतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १८७ प्रमाणे हे दिवस तुकड्यातुकड्यानंही घेता येतात, पण गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांच्या आतच. बाकीचे दिवस न्यायालयीन कोठडी, म्हणजे जेल. पकडल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं.

आता महत्त्वाचं. कलमं कोणती आहेत, आणि पहिल्यांदा कोर्टापुढे कोणत्या वारी उभं केलं, हे लगेच कळवा.

मलप्रभाकाठ | सोमवार, सकाळी ७.०५

ताई, खूप आभार. काकूला सांगितलं. कागद देव्हाऱ्यातनं काढून पिशवीत ठेवला तिनं. कलमांत जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षांची आहे असं वकील म्हणाले. बुधवारी रात्री पकडलं, गुरुवारी कोर्टात नेलं. त्या गुरुवारपासून कालचा रविवार हा ५३ वा दिवस. चार्जशीट अजून आलेलं नाही.

चिकोडीची वकील | सोमवार, सकाळी ८.३०

मग नीट वाचा. गुन्ह्याची शिक्षा दहा वर्षांच्या आतली असेल तर ६० दिवसांत आरोपपत्र दाखल व्हायला हवं. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवस. ती मुदत संपली आणि आरोपपत्र नाही, तर जामीन हा हक्क होतो. तिथं ‘गुन्हा गंभीर आहे’ ही सबब चालत नाही.

दिवस अटकेपासून मोजत नाहीत, पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडीत पाठवल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि तो दिवस धरून. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये हा वाद मिटवला. म्हणजे तुमचा साठावा दिवस येत्या रविवारी. सुट्टी आली म्हणून पोलिसांना एक दिवस वाढवून मिळत नाही. सोमवारी सकाळी कोर्ट उघडताना तुमचा अर्ज टेबलावर असायला हवा. आरोपपत्र अर्जाच्या आधी आलं तर हा हक्क गेला. काही तासांचा खेळ असतो हा. अर्ज शुक्रवारीच टाईप करून ठेवायला सांगा.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्याचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. १५१०० वर फोन लावा.

बॅरेकबाहेर | सोमवार, दुपारी १.४०

मी जेल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. कच्च्या कैद्याकडनं सक्तीनं काम करून घेता येत नाही. त्याचे कपडे स्वतःचे असतात. मुलाखतीला जाताना दोन जोड न्या, नाडीचा पायजमा नको, लवचिक पट्टीवाला न्या.

काम असतं ते सक्तमजुरीच्या पक्क्या, म्हणजे शिक्षा लागलेल्या कैद्याला. लोकांच्या डोळ्यापुढं अजून खडी फोडणारा माणूस येतो. तसं राहिलेलं नाही. माग, सुतारकाम, शेती, भटारखाना, शिवण, असं काम असतं. १८९४ च्या तुरुंग कायद्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातलेली आहे. मजुरी मिळते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सक्तमजुरी असली तरी योग्य वेतन दिलं पाहिजे.

साध्या कैदेत काम बंधनकारक नाही. वाचायला सोपं वाटतं. खरं मी बघितलंय, साध्या कैदेतला माणूस आठ दिवसांत येऊन म्हणायचा, ‘साहेब, काहीतरी द्या करायला.’ दिवस जात नाही. सहा वाजल्यानंतर बॅरेक बंद झाली की भिंतीवरच्या डागांना लोक नावं देत बसतात. कायद्यातही सोय आहे, साध्या कैदेवाल्यानं मागितलं तर काम द्यायचं, आणि नाही केलं तर जेवणाच्या प्रमाणातला बदल सोडून दुसरी शिक्षा करायची नाही.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे ती लिहितो. कुठलं काम कुणाला, हे जात बघून ठरवायची पद्धत कित्येक राज्यांच्या जेल नियमावलीत लिहिलेली होती. झाडू कुणाच्या हातात आणि पळी कुणाच्या हातात, हे आडनावावरनं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते सगळे नियम रद्द केले. माझ्या नोकरीच्या काळात व्हायला हवं होतं.

अनगोळची | सोमवार, दुपारी ३.२०

म्हणजे कुठली कैद द्यायची हे न्यायाधीश ठरवतात का? की कलमातच असतं?

चिकोडीची वकील | सोमवार, रात्री ९.००

दोन्ही. काही कलमांत ‘सक्तमजुरी’ असंच लिहिलेलं असतं, काहींत फक्त ‘साधा कारावास’. बऱ्याच कलमांत ‘दोहोंपैकी कोणत्याही प्रकारचा कारावास’ असं असतं, तिथं न्यायाधीश ठरवतात. अर्धी सक्त आणि अर्धी साधी, असंही देता येतं. १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेत (दंडविधानाच्या जागी आलेला कायदा) सहावा शिक्षाप्रकार आला, सामाजिक सेवा. तुरुंगाऐवजी समाजोपयोगी काम करायचं, पैसे मिळणार नाहीत. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल परत केला असेल, किंवा दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घातला असेल, अशा मोजक्या गुन्ह्यांना आहे.

निकालपत्रात आणखी एक ओळ लोक वाचत नाहीत: ‘दंड न भरल्यास आणखी तीन महिने’. ही मूळ शिक्षेत मिसळत नाही, तिच्यानंतर वेगळी भोगावी लागते. दंड भरला की त्या क्षणी संपते. काकूंचा तिसरा प्रश्न होता ना, दिवस मोजतात का? हो. उद्या शिक्षा झालीच, तर कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस त्यातनं वजा होतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६८. पण दंडाबदलीच्या कैदेतनं ते वजा होत नाहीत. दंडाचे चार हजार वेळेवर न भरल्यानं मुलगा आत राहिलेली घरं मी पाहिली आहेत. पैसे होते, भरायचे कुठं हे कुणी सांगितलं नव्हतं.

दोन-तीन कलमांखाली शिक्षा झाली तर ‘एकत्र भोगायच्या’ की ‘एकामागून एक’ हेही बघा. दोन, तीन आणि पाच वर्षं एकत्र असतील तर पाच होतात. एकामागून एक असतील तर दहा.

निपाणीकर | मंगळवार, सकाळी १०.१०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वडील एका ओळखीच्या माणसाला जामीन राहिले होते. त्यानं कर्ज बुडवलं. तंबाखूला दर आला नाही, आम्हालाही भरता आलं नाही. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा झालाय आणि आता ‘तुम्हाला दिवाणी कैदेत का टाकू नये’ अशी नोटीस आली. वडील ७१ वर्षांचे आहेत. त्यांनी नातवाला शाळेतनं आणायला जाणं बंद केलं, रस्त्यात पोलीस धरतील म्हणून. कर्जासाठी खरंच जेल होते?

चिकोडीची वकील | मंगळवार, दुपारी २.००

काका पोलिसांना घाबरतायत, पण यात पोलिसांत नोंदवायचा गुन्हाच नाही. दिवाणी कैद ही शिक्षा नाही, वसुलीचं साधन आहे. वडिलांच्या नावावर गुन्हेगारीचा डाग लागत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ म्हणतं, आधी कारणे दाखवण्याची संधी द्यायची. ती तुमची नोटीस. मग ऐपत असून मुद्दाम देत नाही, मालमत्ता लपवली, पळून जायच्या बेतात आहे, असं काही कोर्टाला पटलं तरच. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं, केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला आत टाकणं घटनेत बसत नाही.

त्यातही मर्यादा आहे. रक्कम पाच हजारांवर असेल तर जास्तीत जास्त तीन महिने. दोन हजार आणि त्याखाली कैदच नाही. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करता येत नाही. आणि कैदेतल्या माणसाच्या जेवणाखाण्याचा भत्ता कैदेत टाकणाऱ्या धनकोनं कोर्टात भरायचा असतो. कैद भोगली म्हणून कर्ज फिटत नाही, मात्र त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटक होत नाही.

तारखेला हजर राहा, हे सगळ्यात महत्त्वाचं. सोबत जमिनीचे उतारे, पिकाच्या पट्ट्या, दवाखान्याची बिलं, जे असेल ते न्या. ऐपत नाही हे कागदानं दिसलं पाहिजे. आणि काकांना म्हणावं, नातवाला आणायला जा.

चेक दिलेला असेल तर गोष्ट वेगळी, तो फौजदारी खटला होतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तसं काही आहे का तपासा.

निपाणीकर | मंगळवार, रात्री ८.४५

चेक नाही. वडिलांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. आभारी आहे.

जुना सत्याग्रही | बुधवार, सकाळी ६.३०

धागा पहाटेपासून वाचतोय. माझा अनुभव सांगायला हवा.

१९८६ च्या जूनमध्ये सीमालढ्याच्या आंदोलनात मी पकडला गेलो. वय २१. कन्नडसक्तीविरुद्ध गावोगावची पोरं रस्त्यावर होती. १ जूनला गोळीबारात माणसं गेली, त्यांचं हुतात्मा स्मारक हिंडलग्यात आहे, आजही दरवर्षी आम्ही तिथं जातो. मला प्रतिबंधक अटक झाली होती. शांतताभंग होईल म्हणून आधीच धरायचं. खटला नाही, साक्ष नाही, शिक्षा नाही. दहा-बारा दिवसांनी सोडलं. आम्ही अभिमानानं म्हणायचो, ‘तुरुंगवास भोगला.’

दोन वर्षांनी एका नोकरीचा अर्ज भरला. त्यात प्रश्न होता, ‘आपणास कधी कारावासाची शिक्षा झाली आहे काय?’ मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘होय.’ मला वाटलं खोटं कशाला लिहायचं. त्या एका शब्दावर अर्ज बाजूला पडला. टेबलामागच्या माणसानं मला विचारलंही नाही की शिक्षा कुठल्या कोर्टानं दिली. मलाही सांगता आलं नाही की कुठल्याच कोर्टानं नाही. अटक आणि शिक्षा यांतला फरक मला ३० वर्षांचा झाल्यावर एका वकिलानं समजावला. तोवर वयाची अट गेली होती.

पोरांनो, असा प्रश्न आला तर प्रत्येक शब्द वाचा. ‘अटक झाली होती का’ हा एक प्रश्न आहे. ‘गुन्हा नोंद आहे का’ हा दुसरा. ‘शिक्षा झाली का’ हा तिसरा. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, पण जे झालंच नाही ते स्वतःवर ओढवून घेऊ नका.

चिकोडीची वकील | बुधवार, सकाळी ११.००

काका, वाचून गलबलून आलं. तुमच्यासारखी किती माणसं असतील आपल्या भागात.

तुम्ही म्हणता तो स्थानबद्धतेच्या जातीचा प्रकार. जे केलं त्यासाठी शिक्षा नाही, जे करशील म्हणून अडवणं. थोड्या तासांची प्रतिबंधक अटक वेगळी, आणि आदेश काढून महिनोनमहिने ठेवणं वेगळं. याच हिंडलग्यात १९५० मध्ये सावरकरांना ठेवलं होतं तेही असंच, नेहरू-लियाकत भेटीच्या वेळी, एप्रिल ते जुलै, खटला न चालवता. आज कर्नाटकात गुंडा कायद्याखाली वर्षभरापर्यंत ठेवता येतं. घटनेच्या कलम २२ प्रमाणे तीन महिन्यांपलीकडे जायचं तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो, आणि कारणं कळवावी लागतात.

त्या कारणांच्या भाषेबद्दल आपल्या सीमाभागातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं काही आहे. १९६२ च्या हरिकिसन खटल्यात महाराष्ट्रातल्या एका माणसाला स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यानं हिंदीत मागितली, दिली नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. न समजणाऱ्या भाषेत कारण देणं म्हणजे कारण न देणंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये साध्या अटकेलाही तेच लागू केलं: अटकेची कारणं लेखी, आणि माणसाला समजेल त्या भाषेत. मराठीच समजणाऱ्या माणसाला कन्नड कागद देऊन सही घेतली असेल तर रिमांडच्या वेळीच कोर्टाला सांगा.

अनगोळची | बुधवार, दुपारी ४.१५

जन्मठेप राहिली. १४ वर्षं ना? आमच्या गल्लीत सगळे तसंच म्हणतात.

बॅरेकबाहेर | बुधवार, संध्याकाळी ७.३०

१४ नाही. हा गैरसमज जेलच्या आतसुद्धा आहे. नवीन आलेला पक्का कैदी पहिल्या रात्री बोटांवर १४ मोजतो.

जन्मठेप म्हणजे उरलेला जन्म. गोपाळ गोडसेच्या खटल्यात १९६१ सालीच सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं. १४ चा आकडा येतो तो असा: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकारला लवकर सोडायचं असेल तर निदान १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढलेली हवीत. ती दाराशी पोचायची अट आहे. दार उघडेलच असं नाही, ते सरकारच्या हातात. कायद्यात २० वर्षांचाही एक आकडा आहे, तो फक्त शिक्षेचा हिस्सा काढायच्या हिशेबापुरता.

आणि काही वेळा कोर्टच सांगतं, इतकी वर्षं माफी नाही. ही वाट २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंदच्या खटल्यातनं निघाली, तो खटला आपल्या कर्नाटकातलाच. पूर्वीचं काळं पाणी होतं त्याच्या जागी १९५५ च्या दुरुस्तीनं जन्मठेप हा शब्द आला.

एकांत कोठडीचंही सांगतो. ती कोर्टानं दिली तरच. एकूण तीन महिन्यांवर नाही आणि सलग १४ दिवसांवर नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीनं नाही.

मलप्रभाकाठ | पुढचा सोमवार, संध्याकाळी ६.४०

मंडळी, जामीन मंजूर झाला! सकाळी सव्वादहालाच कोर्टात होतो. अर्ज आधी पडला, चार्जशीट आलेलं नव्हतं.

खरं नवीन अडचण आहे. जामीनदार म्हणून माझे मामा तयार आहेत, ते चंदगडचे. त्यांचा सातबारा महाराष्ट्राचा. कारकून म्हणाला इथला उतारा असलेला माणूस आणा. आमचा स्वतःचा उतारा वाटणीच्या वादात अडकलाय.

चिकोडीची वकील | पुढचा सोमवार, संध्याकाळी ७.१०

अभिनंदन! आता हार मानू नका. १९७८ च्या मोतीराम खटल्यात नेमका हाच प्रश्न होता, जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयानं ते चूक ठरवलं, जिल्ह्याची सीमा बघून माणूस नाकारता येत नाही. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही सुचवलंय की स्थानिक जामीनदाराची अट कोर्टांनी घालू नये. कारकुनाशी वाद घालू नका. वकिलाला सांगून न्यायाधीशांपुढे लेखी अर्ज द्या, त्यात हा खटला आणि हा आदेश दोन्ही घाला. सोबत मामांचा ताजा सातबारा, आधार आणि फोटो. तेवढ्यानं भागलं नाही तर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे.

मलप्रभाकाठ | बुधवार, रात्री १०.२०

मामांचा सातबारा घेतला कोर्टानं. पण सुटकेचा हुकूम जेलात पोचेपर्यंत बॅरेक बंद झाली होती, आता उद्या सकाळी. काकूनं रात्रीच भाकऱ्या बांधून ठेवल्यात. सहाच्या बसनं बेळगावला निघतोय, ती पण येतेय.

बॅरेकबाहेर | बुधवार, रात्री १०.३५

गेटवर त्याचं जमा केलेलं सामान आणि पैसे मोजून घ्या, रजिस्टरवर सही करायच्या आधी. उन्हात उभं राहावं लागतं, काकूंसाठी छत्री न्या.